सड्यावरच्या रेषा : कोकणातली कातळशिल्पं आपल्याला काय सांगतात?

निसर्ग, माणसाचं मन आणि मानवी संस्कृती या तीन गोष्टींची कोडी आपण एरवी वेगवेगळी मांडतो. आज असं एक ठिकाण बघू, जिथे ही तिन्ही कोडी एकाच दगडावर कोरलेली आहेत. हा दगड कोकणातला, जांभा. ज्यांचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे त्यांना तो काही वेगळा सांगायला नको.

रत्नागिरी, राजापूरकडे डोंगरमाथ्यावर मैलोन्‌मैल सपाट, उघडा कातळ असतो. त्याला आपण सडा म्हणतो. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, मग गवत आणि रानफुलं येतात, दिवाळीनंतर सगळं वाळून जातं. भर दुपारी त्या सड्यावरून चालत गेलात तर कदाचित काहीच दिसणार नाही. पण सकाळी किंवा उतरत्या उन्हात तिरपा प्रकाश पडला की दगडातल्या खोल रेषांत सावली भरते. मग एकदम हत्ती दिसतो, मासा दिसतो, मोर दिसतो, कमरेखालचा नुसता माणूस दिसतो. हीच ती कातळशिल्पं. आज अशा हजाराहून अधिक आकृत्या ठाऊक आहेत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांच्यासारख्या मंडळींनी वर्षानुवर्षं सडे पालथे घालून, गावकऱ्यांना आणि गुराख्यांना विचारून विचारून त्या शोधल्या. २०२२ साली यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं.

आधी दगडाकडे बघू

दख्खनचा काळा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी ओतला. त्यावर लाखो वर्षं उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांचा मारा झाला. पाण्याने दगडातली सिलिका आणि विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. हाच जांभा, म्हणून तर तो तांबडा. खालच्या थरातून काढला की मऊ असतो, कापता येतो, आणि हवा लागली की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली केरळातल्या अशाच दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. लॅटिन भाषेत त्या मूळ शब्दाचा अर्थच वीट.

राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथे एक मानवाकृती कोरलेली आहे. तिथे होकायंत्र ठेवलं की सुई भलतीच दिशा दाखवते. लोक लगेच गूढशक्ती वगैरे म्हणायला लागतात. आपण थोडं थांबूया. जांभ्यात लोहाची खनिजं भरपूर असतात, आणि उघड्या माथ्यावर वीज पडली तर अशा खडकात कायमचं चुंबकत्व येऊ शकतं, हे भूशास्त्राला माहीत आहे. तेव्हा सुई फिरण्यात चमत्कार शोधायची गरज नाही. पण खरा प्रश्न पुढचा आहे. कोरणाऱ्याने नेमकी हीच जागा का निवडली? त्याच्याजवळ होकायंत्र नव्हतं. मग हा योगायोग, की तिथे वीज पडताना कुणीतरी पाहिली आणि ती जागा मनात धरली? याचं उत्तर दगड देत नाही.

आता मनाकडे येऊ

कशेळीचा हत्ती घ्या. सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या. आता गंमत बघा. त्याच्या पायाशी उभं राहिलं तर पूर्ण हत्ती एका नजरेत मावत नाही. आपण तो ड्रोनमधून बघतो, कोरणाऱ्याला ती सोय नव्हती. जमिनीवर बसून, हाताएवढी रेष कोरताना त्याला आख्खा हत्ती डोक्यात धरावा लागला असणार, आणि ते माप कितीतरी पट वाढवून दगडावर उतरवावं लागलं असणार. पावलांनी मोजलं असेल, दोरी ताणली असेल, काहीतरी युक्ती नक्की असणार. म्हणजे एकीकडे कल्पनाशक्ती आणि दुसरीकडे मोजणी, दोन्ही त्याच्याकडे होत्या.

दुसरी गोष्ट रेषेची. प्रत्यक्ष हत्तीला बाह्यरेषा नसते. तरी चार रेषा ओढल्या की आपण ‘हत्ती’ म्हणतो. ते का? ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी दाखवलं की मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या काही पेशी ठरावीक दिशेच्या कडा आणि रेषा दिसल्या की चेतवतात. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हॉकबर्ग आणि ब्रुक्स या संशोधकांनी एका मुलाला जवळपास दोन वर्षांचा होईपर्यंत चित्रांपासून दूर ठेवलं होतं. वस्तूंची नावं तो खऱ्या वस्तू आणि खेळणी बघून शिकला. नंतर रेखाचित्रं दाखवली तर त्याने ती बरोबर ओळखली. म्हणजे रेषेतून वस्तू ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून तर ती भाषा, ती माणसं, त्यांचे देव यातलं काहीही ठाऊक नसताना त्यांचा हत्ती आपल्याला हत्तीच दिसतो.

पण हेच मन फसवतंही. जिथे अर्थ नाही तिथेही ते अर्थ बघतं. बारसूच्या सड्यावर मधोमध माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघांसारखे प्राणी असं शिल्प आहे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरही दोन वाघांमध्ये उभी आकृती आहे. लगेच कुणी म्हणतं, हे सिंधू संस्कृतीचेच लोक! अशी रचना मेसोपोटेमियातही सापडते. माणसाला प्राण्यांची भीती आणि त्यांच्यावर ताबा मिळवायची इच्छा सगळीकडे सारखीच होती. नुसत्या साम्यावरून नातं जोडता येत नाही, त्याला वेगळा पुरावा लागतो.

मग ही माणसं कोण?

इथे सगळ्यात मोठी अडचण वयाची. रंगचित्र असेल तर कधी कधी रंगातल्या कोळशावरून काळ काढता येतो. इथे रंग नाही, नुसता दगड कोरलेला. दगडाचं वय सांगता येईल, पण कोरल्याचं कसं सांगणार? म्हणून अभ्यासक आजूबाजूचा पुरावा बघतात. या चित्रांत हत्ती, हरणं, मासे, कासवं दिसतात, शेती दिसत नाही. त्यावरून हा शिकार आणि मासेमारीवर जगणारा समाज असावा, असा तर्क आहे. काही आकृत्या गेंडा आणि पाणघोड्याच्या आहेत असं अभ्यासक मानतात. आज हे प्राणी कोकणात नाहीत. पण नर्मदेच्या खोऱ्यात पाणघोड्याचे जीवाश्म मिळालेत, आणि गुजरातमध्ये लांघणजला, जिथे हसमुख सांकलियांनी उत्खनन केलं, मध्याश्मयुगीन थरात गेंड्याचं हाड सापडलं. हे सगळं जोडून यातली जुनी शिल्पं दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत, असा अंदाज मांडला जातो. हा अंदाज आहे हे विसरू नये. शिवाय सगळी शिल्पं एकाच काळातली असतील असंही नाही.

गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला अशीच शिल्पं आहेत. १९९३ साली ती अभ्यासकांसमोर आली. तिथे प्राण्यांबरोबर वर्तुळाकार चक्रव्यूहासारखी आकृती आहे. हत्ती आपण ओळखला, पण या वर्तुळांचं काय? इथे आपली ओळख संपते. प्राणी निसर्गातून आला, वर्तुळाचा अर्थ मात्र त्या समाजाच्या कहाणीत होता, आणि ती कहाणी सांगणारं कुणी उरलं नाही.

हे वाचणार कसं?

मंडळी, हा नुसता कुतूहलाचा विषय नाही. ज्या दगडावर ही शिल्पं आहेत त्याच दगडाचे चिरे निघतात, त्याच सड्यावरून रस्ते जातात, त्यातच खड्डे मारून आंब्याची कलमं लावतात. २०२३ साली बारसूला नियोजित रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, मोठं आंदोलन झालं, तेव्हा कातळशिल्पांचाही प्रश्न पुढे आला. कोकणातल्या माणसाला रोजगार नको असं कुणी म्हणणार नाही. सडा बहुतेक वेळा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, त्याच्या मालकाला ‘काही करू नका’ एवढंच सांगून भागणार नाही, त्याचा वाटा कुठे आहे तेही सांगावं लागेल. पण एवढं तरी ध्यानात ठेवू की खाण दुसरीकडे हलवता येते, शिल्प येत नाही. ते उचललं तर शिल्लक राहतो नुसता चिरा. ते पाणी, तो माथा, भोवतालच्या इतर आकृत्या सगळं तुटतं. कालमापनाचा उद्या जो काही पुरावा मिळेल तोही त्याच मातीत आणि आसपासच्या दगडी हत्यारांत असणार.

तेव्हा सड्यावर गेलात तर तीन गोष्टी पाळा. फोटो उठून दिसावा म्हणून रेषांत खडू, चुना किंवा रंग भरू नका. शिल्पावर चालू नका, गाडी नेऊ नका. आणि नवीन काही दिसलं तर स्वतः साफसफाई करत न बसता जागेची नोंद करून ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

जाताना एक चांगली गोष्ट सांगतो. उक्षीच्या हत्तीभोवती आज जांभ्याच्या चिऱ्यांचंच कुंपण आहे. गावाने मनावर घेतलं तर तोच चिरा राखणीलाही उपयोगी पडतो. बारसूला, देवाचे गोठण्याला, कशेळीला हे किती लवकर होतं, ते आता आपल्यावर आहे.