कॅमेरा पुरे, असं सोराया म्हणते तेव्हा...

घरात बाळ आलं की कॅमेऱ्याची हौस सुचतेच. पहिलं हसू, पहिलं पाऊल, सगळं जपून ठेवायचं असतं. पॅलेस्टाइनमधल्या बिलईन गावच्या इमाद बुरनात या शेतकऱ्यानेही २००५ मध्ये असाच कॅमेरा घेतला. निमित्त होतं चौथ्या मुलाच्या, जिब्रीलच्या जन्माचं.

पण त्याच सुमारास गावाच्या ऑलिव्हच्या शेतांमधून इस्रायलचं कुंपण जाऊ लागलं. दर शुक्रवारी गावकऱ्यांची निदर्शनं सुरू झाली. मग बाळाबरोबरच सैनिक, अश्रुधूर, रात्रीच्या धाडी हे सगळंही इमाद टिपू लागला. एकामागून एक पाच कॅमेरे फुटले. एकात तर गोळी अडकली, म्हणून तो वाचला! गाय डाविडी या इस्रायली दिग्दर्शकाच्या साथीने त्याने या चित्रणाचा माहितीपट केला, 'फाइव्ह ब्रोकन कॅमेराज'. २०११ चा हा माहितीपट पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला.

बातम्यांत आपल्याला मृतांचे आकडे कळतात. इथे घर दिसतं. जिब्रीलच्या पहिल्यावहिल्या बोलांत 'काडतूस' हा शब्द आहे. गावातल्या मुलांचा लाडका बासेम, ज्याला सगळे 'फील' म्हणजे हत्ती म्हणायचे, एप्रिल २००९ मध्ये अश्रुधुराचं नळकांडं लागून गेला. त्यानंतर छोटा जिब्रील बापाला विचारतो, तुम्ही सैनिकांना सुरीने का नाही मारत? लेकराच्या तोंडून हे ऐकताना आईच्या काळजाचं काय होत असेल!

म्हणूनच मला सगळ्यात जवळची वाटली ती इमादची बायको, सोराया. नवऱ्याला अटक होते, २००८ च्या अखेरीस जीवघेणा अपघात होतो. चार मुलांचं सगळं तीच निभावते. शेवटी एकदा ती त्याला स्पष्टच सांगते की, हे चित्रीकरण आता पुरे. कोणाला हा भित्रेपणा वाटेल. मला नाही वाटत. जगाला सत्य दिसतं, पण त्याची किंमत घरातली माणसं मोजतात.

आणि तरी इमादचंही खोटं नाही. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कुंपणाचा मार्ग बदलायला सांगितला. प्रत्यक्षात ते हललं २०११ मध्ये. काही जमीन परत मिळाली, सगळी नाही. मधली वर्षं कशी गेली, याची साक्ष त्या फुटक्या कॅमेऱ्यांनीच जपली.

ही किंमत अजूनही चुकलेली नाही. मार्च २०२५ मध्ये 'नो अदर लँड' या पॅलेस्टिनी आणि इस्रायली तरुणांनी मिळून केलेल्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. त्याच महिन्यात त्याचा एक दिग्दर्शक हमदान बलाल याला त्याच्या गावी मारहाण झाली. सैन्याने त्यालाच ताब्यात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं.

मैत्रिणींनो, हे माहितीपट जरूर पाहा. पाहताना कॅमेरा धरणाऱ्याबरोबरच मागे दार लावून, मुलांना जवळ घेऊन त्याची वाट पाहणारीही आठवा. तिने तेवढी वर्षं घर सांभाळलं, म्हणून ते चित्रण आपल्यापर्यंत पोचलं.