लॅमिनेटखाली काय दडलंय?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडीठाक होते. जुलैत तीच हवा दमट. लाकूड ओल शोषून फुगतं, वाळलं की आकसतं. म्हणून मॉड्युलर किचन घेताना शोरूमच्या झगमगाटापेक्षा लॅमिनेटखाली काय आहे ते विचारा. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवतात, त्यामुळे फुगणं आवरतं. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेले लाकडाचे बारीक कपटे. कडेतून पाणी मुरलं की तो फुगतो आणि पूर्ववत होत नाही. सिंकखाली तो नकोच! तिथे आयएस ७१० या भारतीय मानकाच्या दर्जाचं प्लायवूड हवं. त्याच्या थरांमधल्या जोडाची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्यात लागते. सीताबर्डीतलं मोठं दुकान असो की ओळखीचा सुतार, जो कापलेली कड दाखवतो आणि बिलावर दर्जा लिहून देतो, त्याच्याकडेच मी जाईन.