मनाची हजेरी : आघातानंतरचे पाच प्रश्न



मागच्या भागात आपण पेन्शनच्या कागदपत्रांबद्दल बोललो. त्यानंतर माझ्या जुन्या पलटणीतल्या एका सुभेदार साहेबांचा फोन आला. पेन्शनचं बोलून झालं, घरच्यांची ख्यालीखुशाली झाली, तरी ते फोन ठेवेनात. शेवटी म्हणाले, "सर, एक विचारू का? वीस वर्षं झाली, अजून रात्री दोनला उठून दाराची कडी बघून येतो. फटाका वाजला की घाम फुटतो. हे वयाचं आहे की आणखी काही?"

मी त्यांना म्हणालो, "साहेब, मी डॉक्टर नाही. पण पाच प्रश्नांचा एक कागद आहे, तो आपण दोघं बघू." आजचा भाग त्या कागदाबद्दल आहे. तो फक्त फौजींसाठी नाही. रस्त्यावरचा अपघात, भूकंप, पूर, बॉम्बस्फोट, मारहाण, लैंगिक अत्याचार, यातलं काहीही ज्यांच्यावर गुजरलं किंवा ज्यांनी डोळ्यांसमोर पाहिलं, त्या सगळ्यांसाठी आहे. १९९३ची किल्लारी, २००१चं भूज, २००६चे मुंबईच्या लोकलमधले स्फोट यातून वाचलेली माणसं आज आपल्यातच राहतात. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, तुमच्या इमारतीतही असं कुणी असू शकेल.

आजार जुना, नाव नवं

पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले सैनिक थरथरत, काहींची वाचा जायची. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याला 'शेल शॉक' म्हटलं. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा तेव्हाचा समज होता. पुढे लक्षात आलं, की ज्यांच्या जवळपासही गोळा पडला नव्हता, त्यांनाही हेच होतं. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत त्याला आजचं नाव मिळालं : पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, थोडक्यात पीटीएसडी. मराठीत 'आघातोत्तर ताण विकार' म्हणतात.

साध्या भाषेत सांगायचं तर पहारेकऱ्याला 'स्टँड डाउन'चा हुकूम मिळालेलाच नाही. धोका टळून वर्षं झाली, तरी शरीर मोर्चावर उभं आहे. हा भित्रेपणा नाही. ज्या सावधपणाने तिथे जीव वाचवला, तोच सावधपणा घरी आल्यावर सुटत नाही.

तो पाच प्रश्नांचा कागद

या प्रश्नावलीचं नाव पीसी-पीटीएसडी-५. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचं पीटीएसडीसाठीचं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथल्या संशोधकांनी ती साध्या दवाखान्यात वापरता यावी म्हणून केली. आधी चार प्रश्न होते. २०१३ मध्ये आजाराचे निकष बदलले, तेव्हा पाचवा जोडला गेला.

सुरुवातीला एक दरवाजा आहे : तुमच्या आयुष्यात असा भयंकर प्रसंग कधी आला का, ज्यात मृत्यू, गंभीर इजा किंवा अत्याचार होता? तो तुमच्यावर आलेला असेल, तुम्ही पाहिलेला असेल किंवा जवळच्या माणसावर ओढवलेला असेल. उत्तर 'नाही' असेल तर कागद तिथेच संपला. 'हो' असेल तर पुढचे पाच. प्रत्येकाला 'हो' किंवा 'नाही', आणि फक्त गेल्या एका महिन्याबद्दल. मी शब्दशः भाषांतर देत नाही, आशय सांगतो.

पहिला : त्या प्रसंगाची वाईट स्वप्नं पडली का, किंवा नको असताना तो मनात येत राहिला का?

दुसरा : त्याचा विचार टाळायला धडपड केली का? आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, गोष्टी मुद्दाम चुकवल्या का?

तिसरा : सतत सावध, पहाऱ्यावर असल्यासारखं वाटलं का? जराशा आवाजाने दचकायला झालं का?

चौथा : मन बधिर झाल्यासारखं, माणसांपासून आणि नेहमीच्या गोष्टींपासून तुटल्यासारखं वाटलं का?

पाचवा : त्या प्रसंगाबद्दल किंवा त्यामुळे जे झालं त्याबद्दल अपराधी वाटत राहिलं का, स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबवता आलं नाही का?

प्रत्येक 'हो'ला एक गुण. तीन किंवा जास्त आले तर पुढची तपासणी करून घ्यावी. अमेरिकन माजी सैनिकांवरच्या नंतरच्या अभ्यासात पुरुषांसाठी चार आणि स्त्रियांसाठी तीन ही सीमा अधिक योग्य वाटली. आपण घरी बसून हा हिशेब करतोय, तेव्हा मी तीनच धरा म्हणतो. उगाच डॉक्टरकडे एक फेरी झाली तर बिघडत नाही, जायला हवं होतं आणि गेलो नाही तर बिघडतं.

मी आधी काय लिहिलं

आता माझंच सांगतो. निवृत्तीनंतर काही वर्षांनी रक्तदाबासाठी गेलो होतो. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं आणि हा कागद पुढे केला. मी तो दोन मिनिटांत भरला. जसा युनिटचा रिपोर्ट भरावा तसा : सब ठीक. फक्त तिसऱ्याला 'हो', कारण दिवाळीत मी दचकतो हे सगळ्या घराला माहीत होतं. एक गुण.

घरी आल्यावर कागद टेबलावर पडला होता, तो पत्नीने वाचला. म्हणाली, "अहो, दुसऱ्याला 'नाही' कसं लिहिलंत? साताऱ्याकडे घरची चार लग्नं झाली, एकालाही आला नाहीत. दर वेळी तुमचं काहीतरी काम निघतं."

मी गप्प बसलो. सातारा जिल्ह्यातला एक लान्स नायक माझ्या कंपनीत होता. नव्वदच्या दशकात आम्ही उत्तर काश्मीरमध्ये होतो. त्याची सुट्टी मंजूर होती, ट्रंक बांधून तयार होती. माणसं कमी होती म्हणून मी त्याला म्हणालो, "दोन दिवस थांब." दुसऱ्या दिवशी सकाळी तो आर.ओ.पी.वर, म्हणजे ताफा जाण्याआधी रस्ता तपासणाऱ्या तुकडीत गेला. सुरुंग फुटला. तो परतला नाही.

पाचवा प्रश्न मी वाचलाच नव्हता म्हणा ना. नजर त्यावरून सरकली होती. त्या रात्री पत्नीसमोर बसून कागद पुन्हा भरला. चार आले.

हे सांगण्याचं कारण, कागद तेवढाच खरा जेवढी उत्तरं खरी. आपण फौजी लोक खोटं बोलतो असं नाही, पण सवय लागलेली असते. नोकरीत असताना आमची मेडिकल कॅटेगरी असते, 'शेप' म्हणतात तिला. त्यातलं पहिलं अक्षर मानसिक स्वास्थ्याचं. ते खाली आलं तर बढती, पोस्टिंग सगळं अडेल ही धास्ती असते, म्हणून माणूस डॉक्टरांसमोर ताठ उभा राहून 'ठीक है सर' म्हणतो. निवृत्तीनंतर ती कॅटेगरी राहत नाही, सवय मात्र राहते. स्त्रियांची अडचण वेगळी. 'घरातलं बाहेर कशाला' या धाकाने उत्तर बदलतं. म्हणून एकांतात भरा, घाई करू नका. विश्वासाचं माणूस असेल तर भरून झाल्यावर त्याला विचारा, "तुला हे पटतं का?"

गुण म्हणजे निदान नव्हे

हा मुद्दा नीट समजून घ्या. ही चाळणी आहे. चाळणीत खडेही अडकतात. एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा १,००० माणसांनी कागद भरला आणि त्यातल्या ५० जणांना खरोखर हा आजार आहे. चाचणी चांगली आहे, ५० पैकी ४५ जणांना पकडते. उरलेल्या ९५० पैकी दर दहात एकाला चुकून 'हो' ठरवते, म्हणजे ९५ जण. एकूण १४० जणांना तीन किंवा जास्त गुण आले, पण आजार असलेले त्यात ४५, म्हणजे साधारण तिघांत एक. बाकीच्यांना कदाचित नैराश्य असेल, चिंता असेल, नुकतंच कुणी गेल्याचं दुःख असेल, थायरॉईड असेल. आणि ५ जण चाळणीतून निसटले, तेही विसरू नका.

म्हणून दोन नियम. गुण जास्त आले तर 'मला पीटीएसडी झाला' असं जाहीर करू नका, डॉक्टरकडे जा. गुण कमी आले पण झोप, काम, घर बिघडलंय, तरीही जा. दारू किती वाढली, राग किती येतो, जगणं नकोसं होतं का, हे त्या पाच प्रश्नांत नाही. ते तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगायचं.

आणखी एक. प्रसंग ताजा असेल, महिनाही झाला नसेल, तर हा कागद भरू नका. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, तेच तेच दिसणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. अगदीच सहन होत नसेल तर मात्र महिन्याची वाट न बघता मदत घ्या.

दुसऱ्याचा कागद तुम्ही भरू नका, आणि 'नेमकं काय झालं ते सांग' म्हणून त्याच्या मागे लागू नका. या प्रश्नावलीची खुबीच ही, की ती प्रसंगाचं वर्णन विचारत नाही. सांगायची वेळ येईल, तेव्हा तो योग्य माणसाला सांगेल.

कागद भरल्यावर कुठे जायचं

माजी सैनिक असाल तर ई.सी.एच.एस. पॉलिक्लिनिकमध्ये जा, तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. बाकीच्यांनी जिल्हा रुग्णालय किंवा ओळखीच्या डॉक्टरपासून सुरुवात करावी. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६. देशात कुठूनही, कधीही लावा, आपल्या भाषेत बोलण्याची सोय आहे. सैन्यदलातल्या लोकांसाठी पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मध्ये तिचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला.

डॉक्टर आणखी सविस्तर, २० प्रश्नांची यादी देतील, मुलाखत घेतील. उपचार आहेत, आणि ते लागू पडतात. आघातावर केंद्रित समुपदेशनात प्रशिक्षित माणसासमोर, हळूहळू, त्या आठवणीकडे वळायचं असतं. साधारण ८ ते १६ बैठका होतात. काहींना त्याबरोबर गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांनीच लिहून द्यायच्या. दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून किंवा दोन पेग वाढवून हे बरं होत नाही, उलट मुरतं.

माझ्या निवृत्त जवानांना एक खास विनंती. तुमच्यातले कितीतरी जण बँकेत गार्ड आहेत, घरात परवान्याची बारा बोअर आहे. जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील तर ती बंदूक आजच घराबाहेर, भरवशाच्या माणसाच्या आणि कायद्याच्या ताब्यात द्या, आणि १४४१६ किंवा ११२ लावा. हत्यार जमा करणं म्हणजे शरणागती नाही. ड्युटी संपली की आपण कोतमध्ये हत्यार जमा करतच होतो.

मी स्वतः बैठका पूर्ण केल्या. तो लान्स नायक विसरलो नाही, विसरणारही नाही. 'दोन दिवस थांब' हे शब्द मीच उच्चारले होते, तेही बदलत नाही. पण माणसं कमी असताना कंपनी कमांडर जे करतो ते मी केलं, आणि सुरुंग मी पेरला नव्हता, ही दोन वाक्यं आता एका दमात म्हणता येतात. गेल्या वर्षी पुतण्याचं लग्न साताऱ्याला होतं. मी गेलो.

सुभेदार साहेबांचेही चार आले. पुढच्या सोमवारी ते पॉलिक्लिनिकला गेले, मुलगा बरोबर होता. आता ते रात्री उठतात तेव्हा एकदाच कडी बघतात म्हणे, पूर्वी तीनदा बघायचे. मी त्यांना म्हटलं, साहेब, ही प्रगतीच आहे.

तुम्हीही कागद घ्या, पाच आकडे लिहा. आपण रोज सकाळी पलटणीची हजेरी घेत होतो, आज एकदा आपल्या मनाची घ्या. जे 'हाजिर' म्हणणार नाही, त्याची चौकशी करा.

पुढच्या भागात घरच्यांबद्दल बोलू : अशा माणसाबरोबर राहणाऱ्या बायकोने, मुलांनी काय करावं. तोवर काळजी घ्या. जय हिंद.