शाळेच्या दारातला विश्वास

रमजानचा सतरावा रोजा बद्रच्या लढाईची आठवण घेऊन येतो. हिजरी 2, म्हणजे इसवी सन 624 मध्ये झालेल्या या लढाईत मक्केचे सुमारे सत्तर लोक कैद झाले. काहींजवळ सुटकेसाठी द्यायला पैसे नव्हते, पण त्यांना लिहिता-वाचता येत होतं. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यासाठी वेगळी अट ठेवली, असं परंपरा सांगते. मदिनेतील दहा मुलांना अक्षरं शिकवा आणि मोकळे व्हा! कालचे शत्रू आज मुलांचे गुरुजी झाले.

आपल्या परिसरालाही अशी आठवण आहे. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत उतरली. 1949 मध्ये त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. शाळा, वर्गमित्र सारं मागे टाकून आलेल्या मुलांसाठी तिथं सिंधी माध्यमाच्या शाळा निघाल्या.

पण मुलांची शाळा तुटायला लढाई किंवा फाळणीच लागते असं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात बालवर्गातील दोन चिमुकल्यांवर शाळेच्याच आवारात अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोपी तिथला सफाई कर्मचारी होता. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना तासन् तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला संतप्त लोक रुळांवर उतरले आणि बदलापूरची लोकल सेवा संध्याकाळपर्यंत ठप्प झाली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीनं मारला गेला आणि चर्चा त्या चकमकीकडे वळली.

मुलांचा प्रश्न मात्र तिथंच राहतो. धास्तावलेल्या आईनं मुलीला घरी ठेवलं, तर हजेरीपटावर ती फक्त ‘गैरहजर’ असते. भीतीसाठी तिथं वेगळा रकाना नसतो. चार वर्षांच्या मुलीला शाळेत झालेलं सांगायला शब्दही सापडत नाहीत. तिच्या वतीनं मोठ्यांनीच विचारायला हवं.

काय विचारायचं, हे 21 ऑगस्ट 2024 च्या शासन आदेशात आहे. शाळेत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि गैरप्रकार कळल्यास 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना खबर. पुढच्या पालकसभेत गुणांआधी एवढं विचारू या : तक्रारपेटी कोण उघडतं? समितीची बैठक शेवटची कधी झाली? लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण नेतं? आणि 1098 हा मदतीचा क्रमांक मुलांना पाठ आहे का?

रमजानमध्ये अवतरलेल्या कुरआनची पहिली आज्ञा वाचनाची आहे. बालवर्गातल्या मुलीनं ती पाळावी, तर तिला बाकावर निर्धास्त बसता आलं पाहिजे. ती जबाबदारी साऱ्या गावाची आहे, मग घरात रोजा असो वा श्रावणातला उपवास.