विश्लेषण : भाकरी कमी करायची की कॅलरी मोजायची? वजन घटवण्याच्या वादात तथ्य किती?

लातूर-नांदेडकडे सकाळी कुणाच्या घरी गेले आणि सुशीलाची बशी पुढे आली, की ‘नको, माझं दीक्षित सुरू आहे’ एवढे म्हटले तरी पुरते. यजमान आग्रह सोडतात. गेल्या काही वर्षांत एका डॉक्टरांचे आडनाव हे आहारपद्धतीचे नाव होऊन बसले आहे. दुसरीकडे मोबाइलमध्ये अॅप घेऊन घासागणिक कॅलरी नोंदवणारेही वाढले आहेत. त्यात ‘लो-कार्ब’ म्हणजे भात-भाकरी-पोळी जवळपास बंद करण्याचा सल्ला देणारे व्हिडीओ. एकाच घरात तिघांचे तीन प्रकार चालतात आणि स्वयंपाक करणारीची मात्र पंचाईत होते. यातले बरोबर कोण?

मराठवाड्यात हा वाद आला कुठून?

डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषध वैद्यकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार आहारावर जी व्याख्याने देत, त्यातील सूत्र पुढे नेऊन त्यांनी आपली पद्धत मांडली. कडक भूक लागेल अशा दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, मधे पाणी किंवा पातळ ताक, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. मोफत व्याख्याने आणि व्हॉट्सअॅप गट यामुळे ही पद्धत गावोगावी पोहोचली. २०१८-१९ च्या सुमारास राज्य सरकारच्या स्थूलताविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत म्हणून त्यांचे नाव आले, तेव्हा काही आहारतज्ज्ञांनी उघड आक्षेप घेतला. दर दोन तासांनी थोडे थोडे खा, असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांचे वाचक एका बाजूला आणि दीक्षितांचे दुसऱ्या बाजूला, असा सामना तेव्हा समाजमाध्यमांवर रंगला होता.

येथे एक गल्लत नेहमी होते. दीक्षित पद्धत म्हणजे ‘लो-कार्ब’ नव्हे. मधुमेह नसलेल्याला त्या दोन जेवणांत भात-भाकरी चालते. तिचा भर ‘किती वेळा’ यावर आहे, लो-कार्बचा भर ‘काय’ यावर आणि कॅलरी मोजण्याचा ‘किती’ यावर. पहिल्या दोघींचा युक्तिवाद मात्र एकाच जागी येऊन मिळतो, तो म्हणजे इन्सुलिन.

इन्सुलिनचे म्हणणे काय आहे?

पिष्टमय पदार्थ पचून साखर रक्तात आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन साखर पेशींत पोहोचवते आणि त्याच वेळी साठलेली चरबी मोकळी होण्याला आळा घालते. इथपर्यंत वाद नाही, हे पाठ्यपुस्तकातलेच आहे. पुढचे पाऊल वादाचे आहे. सतत खाल्ल्याने किंवा जास्त पिष्ट खाल्ल्याने इन्सुलिन वाढलेले राहते आणि म्हणून, कॅलरी कितीही असोत, माणूस जाड होतो, असे या बाजूचे म्हणणे. कॅलरीची बाजू मांडणारे म्हणतात, इन्सुलिन वर-खाली होईल, पण खर्चापेक्षा कमी खाल्ले तर शरीराला साठा मोडावाच लागेल, मग खाल्ले ते भाकरी असो की पनीर.

प्रत्यक्ष चाचण्यांत काय दिसले?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना दोन गटांत वाटून वर्षभर पाहिले. एका गटाने पिष्ट कमी केले, दुसऱ्याने स्निग्धांश. कॅलरी मोजायला कुणालाच सांगितले नव्हते, मात्र साखर-मैदा टाळा आणि भाज्या भरपूर खा, हे दोघांनाही सांगितले होते. २०१८ मध्ये निष्कर्ष आले : लो-कार्ब गटाचे वजन सरासरी ६ किलोने उतरले, दुसऱ्याचे ५.३ किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा नव्हता. ज्यांचे इन्सुलिन जास्त स्रवते त्यांना लो-कार्ब अधिक मानवेल, ही अपेक्षाही खरी ठरली नाही. गटांमधल्या या फरकापेक्षा एकाच गटातल्या माणसा-माणसांतला फरक कितीतरी मोठा होता. काहींचे वजन खूप उतरले, तर काहींचे उलट वाढले.

दीक्षित पद्धतीच्या जवळ जाणारे दोन अभ्यास आहेत आणि ते परस्परांना छेद देतात. चेक प्रजासत्ताकातील प्राग येथे टाइप-२ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना तेवढ्याच कॅलरी एकदा सहा छोट्या आणि एकदा दोन मोठ्या जेवणांतून दिल्या गेल्या. १२ आठवड्यांत सहा वेळा खाताना २.३ किलो, तर दोन वेळा जेवताना ३.७ किलो वजन उतरले. थोडे थोडे सारखे खात राहा, या सल्ल्याला हा चांगलाच धक्का होता. पण ती दोन जेवणे न्याहारी आणि दुपारचे जेवण होती, रात्री साडेनऊचे ताट त्यात नव्हते, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. दुसरा अभ्यास चीनमधील ग्वांगझूचा, २०२२ सालचा. १३९ स्थूल व्यक्तींनी वर्षभर सारख्याच प्रमाणात कॅलरी कमी केल्या. त्यातील अर्ध्यांनी सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खाल्ले. त्यांचे वजन ८ किलोने उतरले, वेळेचे बंधन नसलेल्यांचे ६.३ किलोने. हाही फरक निर्णायक ठरला नाही.

मग शेजारच्या काकांचे दोन महिन्यांत आठ किलो उतरले ते कसे? दोनच वेळा जेवायचे ठरले की सकाळचा चहा-खारी, अकराचे पोहे, चारचा चहा-भजी आणि टीव्हीसमोरचा चिवडा आपोआप बंद होतो. साखरेचे दोन-दोन चमचे घातलेला पाच वेळचा चहा म्हणजेच साधारण २०० कॅलरी. मोजदाद न करताही कॅलरी कमी झालेल्या असतात. नियम सोपा, सांगायला सोपा आणि पाहुण्यांपुढे निभावून नेण्याजोगा, हीच या पद्धतीची मोठी ताकद आहे.

लो-कार्ब सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात काटा झपकन खाली येतो, त्याचे कारण निराळे आहे. यकृत आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेसोबत तिच्या सुमारे तिप्पट पाणी धरलेले असते. साठा संपला की ते पाणीही जाते. म्हणजे पहिले दीड-दोन किलो बहुतांश पाणीच असते.

मधुमेहींच्या बाबतीत मात्र लो-कार्बची बाजू थोडी वरचढ आहे. २०२१ मध्ये २३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी लो-कार्ब घेणाऱ्यांत साखर मधुमेहाच्या पातळीखाली आलेल्यांचे प्रमाण ५७ टक्के होते, इतर आहारांत ३१ टक्के. वर्षभरानंतर हा फायदा ओसरत गेला. तर ब्रिटनमध्ये निव्वळ कॅलरीवर उभ्या असलेल्या एका प्रयोगात रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरी दिल्या, आणि वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना मागे गेला. तिथे निर्णायक ठरले ते वजन किती उतरले हेच.

ज्वारीची भाकरी ‘लो-कार्ब’ आहे का?

नाही. ‘पोळी सोडली, आता भाकरीच खातो’ असे म्हणणाऱ्यांना हे पटायला जड जाते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम पिष्ट आणि ३३४ कॅलरी असतात. गव्हाच्या कणकेत ६४ ग्रॅम आणि ३२० कॅलरी. ७० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली, तर तिच्यात ४७ ग्रॅम पिष्ट. लो-कार्ब म्हणजे दिवसाला १३० ग्रॅमहून कमी पिष्ट, अशी व्याख्या सर्रास वापरतात. तीन भाकऱ्यांतच दिवसभराचा कोटा संपला, वरण-भात अजून बाकीच आहे.

ज्वारी वाईट, असा याचा अर्थ नाही. तंतुमय भाग भरपूर, पोटाला आधार आणि पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा ती केव्हाही उजवी. पण धान्य बदलणे आणि धान्य कमी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिआब’ या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येतात. तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणले, पण एकूण पिष्ट तेवढेच राहिले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. थोडे पिष्ट काढून त्या जागी प्रथिने आणली, तेव्हा धोका कमी दिसला.

मराठवाड्याचा खरा प्रश्न इथे आहे. एक भाकरी काढली, तर त्या जागी ताटात काय ठेवायचे? वरण म्हणावे, तर १०० ग्रॅम तूरडाळीत प्रथिने २१-२२ ग्रॅम आणि पिष्ट ५५ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम ३० ग्रॅम डाळ असते, म्हणजे प्रथिने सहा-साडेसहा ग्रॅम, एका अंड्याएवढी. घट्ट वरण, मटकी, अंडे, दही, जमत असेल त्याला मासे-चिकन, हे पर्याय आहेत. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, पण ते जातात तेलगिरणीत. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्मी प्रथिने असतात आणि आपल्या ताटात त्या क्वचितच दिसतात, ही जरा गंमतच आहे. शेंगदाण्याचा मात्र हिशेब ठेवावा : मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत दीडशेहून जास्त कॅलरी जातात.

उपवासाचे तर बोलायलाच नको. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट, त्यात दाण्याचे कूट आणि तूप. एकादशीला कॅलरीवाला आणि लो-कार्बवाला दोघेही एकदम नापास होतात.

कॅलरी मोजणे घरात जमते का?

शास्त्र बरोबर असले, तरी अडचण मोजणाऱ्याची आहे. ‘आम्ही काहीच खात नाही, तरी वजन हटत नाही’ म्हणणाऱ्या रुग्णांची अमेरिकेत १९९२ मध्ये काटेकोर तपासणी झाली. त्यांनी खाल्लेले प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवले होते. आपल्याकडे भाजी एका कढईत, फोडणी अंदाजाने आणि धपाट्यावरचे तेल तर कुणी पाहतच नाही. ते अॅपमध्ये लिहिणार कसे?

त्यापेक्षा महिन्याचा हिशेब सोपा पडतो. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा तेलाचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोजचे ३८ ग्रॅम तेल झाले, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी. डबा दीड महिना पुरवला, तर प्रत्येकाच्या रोजच्या शंभरहून अधिक कॅलरी कमी होतात. साखरेच्या किलोंचेही तसेच.

वजनकाटा खाली आला म्हणजे झाले का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही आतून चरबीयुक्त असू शकतो. म्हणून काट्यासोबत टेपही हवी : पुरुषांत कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांत ८० च्या पुढे नको. प्रथिने आणि व्यायाम नसेल, तर उतरलेल्या वजनात स्नायूही जातात. शेतात दिवसभर राबणाऱ्या, आधीच रक्त कमी असलेल्या बाईने केवळ घरातले सगळे करतात म्हणून दोन वेळांवर येणे तिच्या हिताचे नाही.

मधुमेहाची औषधे सुरू असतील तर?

धोका इथे खरा आहे. आहार बदलायला सुरुवात केली आणि गोळ्या पूर्वीच्याच राहिल्या, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना न विचारता न्याहारी सोडू नये. आधी डोस आणि वेळ बदलून घ्यावी. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी कडक लो-कार्ब केले, तर रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार घडू शकतो, तोही साखर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, उलट्या, धाप ही त्याची लक्षणे. टाइप-१ मधुमेह, गर्भारपण, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी व्हॉट्सअॅपवरचा कुठलाच तक्ता स्वतःहून सुरू करू नये.

हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, बोलणे अडखळणे ही साखर उतरल्याची चिन्हे आहेत. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. दोन जेवणांच्या मधे काही खायचे नाही, हा नियम त्या वेळी लागू नसतो.