एका टॉवेलचा प्रश्न

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकाला, खेळाडूंच्या खोलीत स्त्री पत्रकारांनी शिरावं की नाही, हा वाद आधी चमत्कारिकच वाटेल. आपल्याकडे ड्रेसिंग रूम म्हणजे देवळाचा गाभारा. सामना संपला की कर्णधार पत्रकार परिषदेला येतो, चार ठरावीक वाक्यं बोलतो आणि जातो. पत्रकार बाई असो की बाप्या, आत पाऊल कुणीच टाकत नाही. अमेरिकेत रीत वेगळी. तिथे बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी किंवा अमेरिकन फुटबॉलचा सामना संपल्यावर बातमीदार थेट लॉकर रूममध्ये शिरतात. खेळाडू घामाघूम अवस्थेत आपापल्या कपाटापाशी उभे असतात. हरल्याचा राग, जिंकल्याचा कैफ अजून उतरलेला नसतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत एखादं जिवंत वाक्य हाती लागलं तर सकाळच्या अंकाला बातमी मिळते, नाही तर नुसता धावफलक छापायचा. म्हणजे ही खोली खेळाडूंची न्हाणी आहे तशीच पत्रकारांची कचेरीही आहे. कचेरीचं दार निम्म्या लोकांना बंद असेल तर काय होतं, त्याची ही पन्नास वर्षांची हकिगत.

२१ जानेवारी १९७५ रोजी मॉन्ट्रियलला आइस हॉकीचा ऑल-स्टार सामना झाला. त्यानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची रॉबिन हर्मन आणि रेडिओची मार्सेल सेंट-सिर या दोघी लॉकर रूममध्ये गेल्या. दोन्ही प्रशिक्षकांनी परवानगी दिली होती. पण आत शिरताच सगळे कॅमेरे खेळाडूंवरून त्यांच्यावर वळले. बातमी मी नाही, सामना आहे, असं हर्मन सांगत राहिली. ऐकायला कुणी तयार नव्हतं. पुढच्या सगळ्या प्रकरणांचं बीज या एका संध्याकाळी दिसतं. काम करायला आलेल्या बाईचं काम कुणाला दिसत नाही, बाई तेवढी दिसते. त्याच सुमारास ‘बॉस्टन ग्लोब’साठी फुटबॉलचं वार्तांकन करणाऱ्या लेस्ली व्हिसरच्या प्रेस पासवर, पत्रकार कक्षात स्त्रिया आणि मुलं यांना प्रवेश नाही, असं चक्क छापलेलं असे.

ऑक्टोबर १९७७. न्यूयॉर्क यांकीज आणि लॉस एंजेलिस डॉजर्स यांच्यात बेसबॉलची वर्ल्ड सिरीज रंगली होती. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ मासिकाची सव्वीस वर्षांची मेलिसा लुड्‌के ती कव्हर करत होती. डॉजर्सच्या खेळाडूंनी आपसांत मत घेऊन तिला आत यायला होकार दिला होता. तरी पहिला सामना चालू असतानाच बेसबॉल कमिशनर बोवी कून यांच्या कार्यालयाने तिला मनाई कळवली. सहाव्या सामन्यात रेजी जॅक्सनने तीन होम रन ठोकले आणि यांकीज जिंकले. पुरुष बातमीदार आत जल्लोषाच्या मधोमध उभे होते आणि लुड्‌के बाहेर बोळात ताटकळत होती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मासिकाची मालक असलेली टाइम कंपनी कोर्टात गेली. कून यांचं म्हणणं असं, की खेळाडूंचा खाजगीपणा जपायचा आहे, बेसबॉल हा कुटुंबाने बघायचा खेळ आहे, सभ्यतेच्या रूढ कल्पना आहेत. खटला न्यायमूर्ती कॉन्स्टन्स बेकर मोटली यांच्यापुढे आला. अमेरिकेच्या संघीय न्यायालयातल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश. वकिली करत असताना जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठाचं दार त्यांनीच उघडून दिलं होतं. बंद दारापुढे ‘परंपरा’ नावाचा पहारेकरी कसा उभा केला जातो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. २५ सप्टेंबर १९७८ रोजी त्यांनी निकाल दिला. यांकी स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या मालकीचं, संघाला भाड्याने दिलेलं. म्हणून राज्यघटनेतलं समानतेचं कलम तिथे लागू होतं. सामन्यानंतर त्याच खोलीत टीव्हीचे कॅमेरे चालतात, मग खाजगीपणा नेमका कुठे उरतो? आणि खेळाडूला लाज वाटत असेल तर प्रत्येकाच्या कप्प्याला पडदा लावता येईल. इतका साधा तोडगा होता. एक पडदा, फार तर एक टॉवेल.

वृत्तपत्रांतल्या विनोदवीरांनी आणि व्यंगचित्रकारांनी मात्र लुड्‌केला सोडलं नाही. ती आत काय बघायला जाते, याचीच चर्चा. वर्षानुवर्षं आत जाणाऱ्या पुरुषांना हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता.

निकाल यांकी स्टेडियमपुरता होता. बाकीची दारं एकेक करून ठोठावावी लागली. १९८४ च्या बेसबॉल प्लेऑफमध्ये ‘हार्टफोर्ड कूरंट’च्या क्लेअर स्मिथला सॅन दिएगो पाद्रेसच्या क्लबहाऊसमधून, म्हणजे लॉकर रूममधून, बाहेर काढलं. तेव्हा त्या संघाचा स्टीव्ह गार्वी स्वतः बाहेर आला आणि तिला हवं तेवढं बोलला. तिचं काम अडता कामा नये, एवढंच त्याला कळत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. १९८५ मध्ये बेसबॉलने सगळ्या संघांसाठी दार उघडलं, फुटबॉलच्या एनएफएलनेही समान प्रवेशाचा नियम केला. स्मिथला पुढे बेसबॉल लेखनातला सर्वोच्च सन्मान मिळाला, २०१७ साली. तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

नियम झाला म्हणून नजर बदलली नाही. सप्टेंबर १९९० मध्ये ‘बॉस्टन हेरल्ड’ची लिसा ओल्सन एनएफएलच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्‌सच्या लॉकर रूममध्ये एका खेळाडूची मुलाखत घेत असताना इतर काही जण विवस्त्र अवस्थेत तिच्याभोवती आले आणि अश्लील बोलले. लीगने हार्वर्डचे प्राध्यापक फिलिप हेमन यांच्याकडून चौकशी करवली, खेळाडूंना आणि संघाला दंड झाला. पण खरी शिक्षा भोगली ओल्सनने. प्रेक्षकांची हुर्यो, धमक्या सोसून अखेर ती देश सोडून ऑस्ट्रेलियाला गेली. संघाच्या मालकाने तर एका मेजवानीत तिच्यावर विनोद केला आणि मग माफी मागितली. त्याच वर्षी सिनसिनाटीच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सॅम वाइश यांनी एका स्त्री पत्रकाराला दारातच अडवलं, तेव्हा त्यांना सुमारे २८ हजार डॉलरचा दंड झाला.

नंतरच्या काळात अडवणं कमी झालं, टोमणे उरले. २०१६ च्या जानेवारीत बिग बॅश सामन्यात पत्रकार मेल मॅक्लॉफलिनने खेळाबद्दल प्रश्न विचारला आणि ख्रिस गेल तिच्या डोळ्यांवर घसरला. दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दंड. २०१७ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू कॅम न्यूटनला एका बातमीदार मुलीने डावपेचाचा प्रश्न विचारल्याचंच हसू आलं. २०१८ मध्ये ब्राझीलच्या स्त्री क्रीडा पत्रकारांनी मोहीम काढली, तिच्या नावाचा अर्थ होता ‘तिला काम करू द्या’. २०१९ मध्ये बेसबॉलच्या ह्यूस्टन ॲस्ट्रोजचा एक अधिकारी क्लबहाऊसमध्ये तीन स्त्री पत्रकारांकडे बघून ओरडला. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ने ते छापलं तेव्हा संघाने आधी बातमीच खोटी ठरवली, आणि काही दिवसांत त्या अधिकाऱ्याला काढलं. बेचाळीस वर्षांनी तेच मासिक, तीच खोली.

दुटप्पीपणा उघडा पडतो तो बाजू उलटल्यावर. अमेरिकेत महिला बास्केटबॉलच्या महाविद्यालयीन स्पर्धांत लॉकर रूम पत्रकारांना खुली असते, पुरुष पत्रकारांनाही. पत्रकार जाईपर्यंत खेळाडू गणवेशातच बसतात, आंघोळ नंतर. त्यावर राष्ट्रीय वाद झाला नाही, कुणी सभ्यतेचा खटला लढवला नाही. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एनएफएल खेळाडूंच्या संघटनेनेच मुलाखती लॉकर रूमबाहेर घ्याव्यात असं म्हटलं. ही मागणी प्रामाणिक आहे, कारण ती सगळ्या पत्रकारांना सारखी लागू आहे. खाजगीपणा बाईच्या पावलांनीच भंगतो, हा दावा मात्र कधीच प्रामाणिक नव्हता.

मग आपल्याकडे दार सर्वांनाच बंद आहे, म्हणजे समता झाली का? मुंबईच्या ‘मिड-डे’पासून सुरुवात करून शारदा उग्रांनी क्रिकेटवर ज्या अधिकाराने लिहिलं, त्यानंतर बाईला खेळातलं काय कळतं हा प्रश्न विचारायला लाज वाटायला हवी. पण दार बंद असलं की बातमी हॉटेलच्या लॉबीत, रात्रीच्या गप्पांत, ओळखीच्या फोनवर सरकते. तिथे ना नियम, ना न्यायमूर्ती. पुरुष बातमीदार खेळाडूबरोबर रात्री उशिरा बसला तर त्याचे ‘सोर्स’ पक्के. बाई बसली तर तिच्याबद्दल कुजबुज. लॉकर रूमला निदान दार होतं. ते ठोठावता येत होतं, कोर्टात नेता येत होतं.

पडदा आणि टॉवेल बाजारात १९७७ सालीही मिळत होते.