वाक्याच्या शेवटचं ‘नाही’

आजचा विषय आहे, आवाजाच्या कलाकारांसाठी ध्वनिमुद्रणाची खोली कशी तयार करायची. तत्त्वज्ञानाचा मास्तर यात कुठून आला, असं वाटेल. सांगतो.

निवृत्तीनंतर मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करू लागलो. एक दिवस एका विद्यार्थिनीचा फोन आला. “सर, चार्वाक पुनर्जन्म मानतात की मानत नाहीत? वाक्याचा शेवट पंख्यात गेलाय.” आता बघा, मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि नेमका तिथेच आपला आवाज खाली उतरतो. पंख्याने एक शब्द खाल्ला आणि अख्खं दर्शन उलटं झालं! मी ते पुस्तक पुन्हा वाचलं. पण आधी खोली दुरुस्त केली.

ध्वनी कानापर्यंत कसा येतो? नैयायिकांनी त्यासाठी वीचितरंगन्याय सांगितला. पाण्यावर लाटेतून लाट उठते, तसं. पण ती लाट भिंतीवर आपटून परतही येते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. लहान खोलीत तो इतक्या लवकर परततो, की वेगळा प्रतिध्वनी कळत नाही; मूळ शब्दच गढूळ होतो.

म्हणून आधी टाळी वाजवून बघा. मागे झणझण उरली, तर समोरासमोरच्या भिंती उघड्या आहेत. तिथे कापसाच्या गाद्या, गोधड्या लावा. खाली जाड सतरंजी घाला. पातळ फोमने भागत नाही. तो वरचे स्वर शोषतो, खर्ज तसाच राहतो आणि आवाज घुमतो. आणखी एक भेद लक्षात ठेवा: शोषणं वेगळं, अडवणं वेगळं. रस्त्यावरचा हॉर्न गोधडीने थांबत नाही. त्याला जड भिंत लागते, दाराखिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात.

माइक तोंडापासून वीतभर लांब, किंचित बाजूला असावा. मधे जाळी हवीच, कारण आपले फ, भ महाप्राण आहेत, श्वासाचा झोत थेट माइकवर आदळतो. कागद हातात नको, स्टँडवर ठेवा. शेवटी अर्धा मिनिट कुणी न बोलता नुसती खोली मुद्रित करा. संपादनात जोड लपवायला ती शांतता कामी येते.

एवढं केलंत, की कलाकाराला ओरडावं लागत नाही. तो हळू बोलू शकतो, आणि त्याचं ‘नाही’सुद्धा ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं. बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ. तेवढा पंखा बंद करा कुणीतरी.